आखाड्यावरची फियाट

चुडाव्याला शेतातल्या आमच्या आखाड्यावर पत्र्याच्या शेडमध्ये १९७४ सालची एक फियाट उभी आहे. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी. घरात सगळे फियाटच म्हणतात. ती मूळ रूपात आणायचं काम मी २०१३ साली काढलं, निम्म्यावर आणलं आणि २०१५ साली ते बसलं. कारणं चारचौघांसारखीच. दुष्काळ पडला, ऊस वाळून गेला, मुलीचं लग्न निघालं, पत्र्याचं काम करणारा डेंटर पुण्याकडं निघून गेला, आणि माझी रेल्वेतली फिटरकी अजून संपायची होती. निवृत्त झालो, पूर्णेचं क्वार्टर सोडून गावी आलो आणि मगच त्या शेडमध्ये पुन्हा लक्ष घातलं.

अर्ध्यात राहिलेली अशी वाहनं महाराष्ट्रात कितीतरी घरांत आहेत. कुठं खोक्यांत भरलेली येझदी, कुठं कडब्याच्या गंजीमागं जुनी जीप, कुठं आजोबांची अँबॅसिडर. नव्यानं सुरुवात कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सोडलेलं काम परत कसं उचलावं, यावर कुणी फारसं बोलत नाही. आपण थांबलो म्हणून गाडी काही थांबत नाही. गंज, उंदीर, क्षार आणि आटलेलं पेट्रोल आपापली ड्यूटी रोज करतच असतात. म्हणून माझ्या मते जुनी यादी काढून 'आता पुढचं काय' असं म्हणायचं नाही. ती यादी आता दुसऱ्याच गाडीची असते. मधल्या वर्षांत काय काय झालं ते आधी बघायचं.

गाडी मूळची माझ्या मामांची. मामा दादरला राहायचे, विम्याच्या ऑफिसात होते. त्या काळी फियाटसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मामांनी ती बघितली. मामा गेल्यावर मामी म्हणाल्या, "तुझ्या हातात पाना शोभतो, तूच घेऊन जा." नगर, औरंगाबाद, जालना, परभणी करत गाडी चुडाव्याला आली. इथं तिनं लग्नाची वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नांदेडच्या दवाखान्यात पोचवल्या, एकदा हळदीची पोतीही वाहिली. मग एक दिवस इंजिन तेल प्यायला लागलं आणि ती कोपऱ्यात गेली.

तिचा आराखडा इटलीचा, जन्म कुर्ल्याचा. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या निघू लागल्या, त्या आधी क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ. पन्नासच्या दशकात फियाटशी जमलं. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली, पुढं थोडे दिवस तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट होतं आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलत गेली, गाडी जवळपास तीच राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. पुढं कॉइल स्प्रिंग, मागं कमान-पाटे. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. इटलीनं हे मॉडेल साठच्या दशकातच मोडीत काढलं. आपण ते जवळपास २००० सालापर्यंत बनवत बसलो.

गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघितलं तर हा अन्यायच होता. तीस-पस्तीस वर्षं तेच ते, आणि तेही रांगेत उभं राहून. पण आज जुनी गाडी उभी करणाऱ्याला त्याचाच फायदा होतो. एवढी वर्षं गाडी फारशी बदलली नाही, म्हणून १९७४ च्या गाडीला १९९५ च्या गाडीचा पुष्कळसा माल बसतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या म्हणजे या मालाचं कोठारच होतं. २००८ मध्ये पंचवीस वर्षांवरच्या आणि २०१३ मध्ये वीस वर्षांवरच्या टॅक्स्या रस्त्यावरून काढायचा नियम झाला, तेव्हा त्या ढिगानं भंगारात गेल्या आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दारं, बंपर, हेडलाइटच्या चकत्या हव्या तेवढ्या मिळू लागल्या. मी काम काढलं ते याच सुगीच्या दिवसांत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. तिची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली. तो झरा आता आटला. मी परत आलो तेव्हा दुकानदार तेच होते, पण दाराच्या काचेची बीडिंग मागितली की वर बघून हसायचे.

आता उभ्या गाडीचं नेमकं काय होतं ते सांगतो.

आमच्या शेडमध्ये गाडीच्या शेजारी सोयाबीनची पोती असायची. पोती आली की उंदीर आले. सीटमधला काथ्या त्यांनी ओढून डॅशबोर्डमागं घर केलं आणि वायरिंगचा पिवळा-लाल गुंता जागोजाग सोलून ठेवला. ही झाली दिसणारी मोडतोड. न दिसणारी त्याहून वाईट. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी चाकातल्या सिलिंडरच्या तळाशी बसतं आणि आतून खड्डे पाडतं. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. पिस्टनच्या रिंगा बोअरला गंजून धरतात. टाकीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागं राहतो तो डिंकासारखा तपकिरी थर. तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसला की सुईच्या टोकाएवढं भोक बंद.

रेडिएटरची गोष्ट तर आमच्या भागाची खासच. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, मध्ये पाणी, आणि पाणी आमच्या बोअरचं. ज्या पाण्यानं घागरीला आतून पांढरं कवच चढतं, ते पाणी इंजिनाच्या वाटांमध्ये वर्षानुवर्षं राहिलं. हेड उचललं तेव्हा पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि आतून क्षाराचे पापुद्रे निघाले. आता मी डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळूनच भरतो. शेजाऱ्यांना ही चैन वाटते.

न चालवता जपून ठेवली म्हणजे गाडी टिकते, हा समज राजेरजवाड्यांचाही होता. आमचं गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट आज हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये बघायला मिळते. ती उभ्या जन्मात अवघी ३५६ मैल धावली असं सांगतात. एवढी कमी चाललेली गाडी खरं तर नव्यासारखी राहायला हवी होती. पण तिच्यावरही कारागीर बसवून काम करावं लागलं.

तर मी सुरुवात केली ती इंजिनाला हात न लावता. आधी शेड झाडलं, पोती हलवली, आणि सगळे डबे बाहेर अंगणात ताडपत्रीवर ओतले. पूर्वी बांधलेल्या कागदी चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या होत्या. रेल्वेत डब्याचं काम निघालं की सुट्या भागांवर खुणा पडतात, त्या हाताला सवयीच्या. म्हणून या वेळी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर नंबर पंचानं ठोकून आकडे पाडले आणि बाइंडिंग तारेनं एकेका भागाला बांधले. वहीत त्या आकड्यासमोर नाव, कुठून निघाला, कोणते बोल्ट. पट्टीला ना कसर खाते ना तेलानं आकडा पुसतो.

या निवडानिवडीत एक पथ्य पाळलं. मोडका भाग नवा मिळेपर्यंत टाकायचा नाही. तुटलेला ब्रॅकेट भंगार म्हणून फेकला की लेथवाल्याला नमुना काय दाखवणार? आणि बोल्टांकडं नीट बघायचं. फियाट इटलीची, तिचे आटे मेट्रिक. गावातल्या जुन्या ट्रॅक्टरांना इंची आटे असतात. दोन्ही बोल्ट एकाच डब्यात पडले की अंधारात हाताला सारखेच लागतात. दोन फेरे बसतात, मग अडतात, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघून हातात येतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी थ्रेड गेज विकत घेतला.

मग इंजिन. आमचे ट्रॅक्टर मिस्त्री बघायला आले आणि येता येताच म्हणाले, "काका, बॅटरी लावून स्टार्टर मारून बगू का? लागली तर लागली." अडकलेल्या इंजिनाला स्टार्टर मारणं म्हणजे रिंगा मोडायला आमंत्रण. चारही प्लग काढले आणि प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि गिअरचं पातळ ऑइल सोडलं. ते झिरपायला दिवस लागतात; रोज सकाळी थोडं वरून घालायचं आणि विसरून जायचं. मध्येच गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागून हळूच हलवायची, पुढं एक बोट, मागं एक बोट. एका सकाळी फॅनचा पट्टा किंचित सरकला. मिस्त्री तेव्हा हजर होते. "सुटलं बगा काका," म्हणत त्यांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

इंजिन सुटलं म्हणजे चालू करायचं असं नाही. जुनं ऑइल आंबट झालेलं असतं, त्याच्या तळाशी पाणी असतं. ते काढायचं, चेंबर उघडून गाळ पुसायचा, नवं ऑइल भरायचं आणि प्लग बाहेर ठेवूनच इंजिन हातानं फिरवायचं, म्हणजे बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचतं. माझ्या इंजिनाचे बोअर मोजले तेव्हा ते वरच्या बाजूला झिजून लांबट झाले होते. तेल प्यायचं मूळ तिथंच होतं. रिबोअर करावंच लागलं, ते नांदेडला.

इंजिन भिजत पडलं होतं त्या दिवसांत ब्रेक केले. माझं मत स्पष्ट आहे: गाडी चालायच्या आधी थांबायला शिकली पाहिजे. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी उचलायला जॅक होताच, पण जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही हे रेल्वेनं अंगात भिनवलंय. लाकडी स्लीपरचे तुकडे दोन्ही बाजूंना रचले, तेव्हा कुठं आडवा झालो. जुन्या ब्रेक शूच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ती धूळ फुंकून उडवायची आपल्याकडं रीत आहे, मिस्त्री लोक तर तोंडानंच फुंकतात. ती फुप्फुसाला लागली तर निघत नाही. पाण्यानं भिजवून फडक्यानं टिपायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

ब्रेक ऑइलबद्दल गावात एक धोका हमखास असतो. ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलात बुडालेले असतात, त्यात ट्रॅक्टरचंच ऑइल चालतं. तो हात फियाटकडं वळला आणि मास्टर सिलिंडरमध्ये साधं ऑइल पडलं, तर आतले रबरी वॉशर फुगून घट्ट बसतात. इथं डॉट थ्री लिहिलेलं ब्रेक फ्लुइडच लागतं. डब्यावर मी लाल रंगानं खूण करून ठेवलीय.

मी थांबलो त्या वर्षांत आणखी एक गोष्ट बदलली, ती गाडीत नाही, पेट्रोल पंपावर. २०१५ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल नावाला होतं. २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर. गोदाकाठी ऊस लावणाऱ्या आम्हा लोकांना त्याबद्दल तक्रार करायला तोंड नाही. आमच्याच उसाचं ते. पण १९७४ च्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. गाडी रोज चालत असेल तर तेवढा वेळच मिळत नाही; महिनोन् महिने उभ्या असणाऱ्या गाडीला तो पुरेपूर मिळतो. म्हणून मी पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाकले, पंपाचा पडदा बदलला, टाकी उतरवून आतून धुतली. इथेनॉलसोबत ऑक्सिजनही येतो, म्हणजे मिश्रण पातळ पडतं. जेट किंचित मोठा घेतला तेव्हा इंजिनाचं खोकणं थांबलं. गाडी बरेच दिवस काढायची नसेल तेव्हा टाकी रिकामी करतो आणि ते पेट्रोल पोराच्या मोटारसायकलला जातं. पोराची या गाडीबद्दल एवढ्या एकाच बाबतीत तक्रार नाही.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं त्याकडं येतो. जुनी गाडी उभी करायची तर मुंबई-पुण्यात असायला हवं, असं मला कितीजणांनी ऐकवलं. मी उलट म्हणतो. शहरातल्या नव्या गॅरेजात आता भाग काढायचा आणि भाग बसवायचा एवढंच उरलंय. दुरुस्ती अजून जिवंत आहे ती आमच्यासारख्या भागात, कारण इथं शेतीची मोटर जळाली तर नवी घ्यायला पैसे नसतात आणि पिकाला पाणी आजच द्यायचं असतं.

माझ्या गाडीला अल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो आहे. त्याचा आर्मेचर भरायला मोठ्या शहरात माणूस सापडेना. आमच्याकडं पाणबुडी मोटरी भरणारे वाइंडिंगवाले जागोजाग आहेत. पूर्णेच्या वाइंडिंगवाल्यानं डायनॅमो उघडला, वेढे मोजले, वहीत लिहून घेतले आणि म्हणाला, "ही तर उगं लहान मोटर हाय." कार्बन ब्रश त्यानं दुसऱ्याच कशाचे तरी घासून बसवले. तांब्या-पितळेचा रेडिएटर ट्रॅक्टरचे रेडिएटर झाळणाऱ्यानं झाळला. कमान-पाटे सैल होऊन गाडीचं बूड खाली बसलं होतं. ट्रकचे पाटे ठोकणाऱ्यांकडं ते भट्टीत तापवून, पुन्हा बाक देऊन, तेलात विझवून आणले. वॉटर पंपाची दांडी लेथवर बनली. सीटचं रेग्झिन ट्रॅक्टरचे हूड शिवणाऱ्यानं शिवलं, आणि जुन्या शिवणीचे टाके मोजून त्याच अंतरावर टाके घातले. मी सांगितलं नव्हतं.

गॅस्केट कापताना आमच्या मिस्त्रींना एकदा बघावं. टायमिंग कव्हरचं गॅस्केट कुठंच मिळेना. त्यांनी गॅस्केटचा कागद कव्हरावर ठेवला, एका बोल्टच्या भोकावर गोल तोंडाच्या हातोडीनं अलगद टकटक केली, भोक पडलं, त्यात बोल्ट घातला म्हणजे कागद हलणार नाही. मग दुसरं भोक, मग तिसरं. सगळी भोकं झाल्यावर कडेकडेनं हातोडी फिरू लागली. जोर अजिबात नाही. कव्हराची धारच कागद कापते, हातोडी फक्त तिला आठवण करून देते. शेवटी बाहेरचा भाग अंगठ्यानं ओढला तसा तो सुटून आला. कात्री नाही, पेन्सिल नाही. धातूच्या कडेला हातोडी जोरात लागली तर कड मुडपते, एवढंच भान ठेवायचं. मी बिडाच्या भागांवर हे शिकलोय. ॲल्युमिनियमवर अजून त्यांनाच बोलावतो.

पत्र्याचं काम मात्र रडवतं. फियाटला खाली वेगळी चासी नाही. सांगाडा आणि पत्रा एकच. त्यामुळं फ्लोअर गंजला तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीच्या मजबुतीचाच होतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत पहिली वीसेक वर्षं काढल्यानं दाराखालचे पट्टे आतून खाल्ले गेले होते आणि वरून पुट्टी आणि रंग मारून कुणीतरी झाकले होते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलं की कळतं: चांगला पत्रा खणकन वाजतो, पुट्टी बद्द. आमच्या कोरड्या उन्हाळ्यानं पुढचा गंज धीमा केला, हे त्यातल्या त्यात बरं. सडलेलं कापून नवा पत्रा जोडणं हे वेल्डरचं काम, ते त्याच्यावरच सोडलं.

छोट्या भागांचा गंज मात्र घरी निघतो आणि तो निघताना बघण्यात मजा आहे. प्लास्टिकची बादली, चार-पाच लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, आणि बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग चार्जरच्या निगेटिव्ह टोकाला, लोखंडी गजाचा तुकडा पॉझिटिव्हला, दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. चार्जर लावला की भागावरून बारीक बुडबुडे निघतात आणि गंज काळा पडून सुटायला लागतो. स्टीलचा चमचा-बिमचा गजाच्या जागी अजिबात वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम निघतं. ॲल्युमिनियम आणि क्रोम चढवलेले भाग यात टाकू नयेत, स्प्रिंगाही नकोत. हे सगळं उघड्यावर करायचं, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. आखाड्यावर बिड्या ओढणारे फार. दाराच्या बिजागरांचा गंज मी असा काढला. संध्याकाळी चार्जरला लावले, सकाळी ब्रशनं धुतले आणि लगेच रेड ऑक्साइड मारलं, नाही तर तासाभरात नवा गंज धरतो.

मूळ रूप म्हणजे काय, यावर जगभर वाद आहे. जुन्या वाहनांची फिव्हा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या ट्यूरिन चार्टरचा भर जे मूळचं शिल्लक आहे ते राखण्यावर आणि जे केलं त्याची नोंद ठेवण्यावर आहे. चकचकीत नवी करून टाकणं म्हणजे जीर्णोद्धार, हा आपल्याकडचा समज त्यात बसत नाही. मला ते पटतं, पण पूर्ण नाही. मामांच्या हाताच्या घामानं गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग मी तसंच ठेवलं. मागच्या दाराचा डेंट तसाच ठेवला. वायरिंग मात्र सगळं नवं टाकलं आणि फ्यूज वाढवले. उंदरांनी सोललेल्या मूळ वायरी राखण्यात मला काही इतिहास दिसत नाही. सीबी (काँटॅक्ट ब्रेकर) पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, असा सल्लाही बरेचजण देतात. मी पॉइंट ठेवले. साधारण अर्ध्या मिलिमीटरची ती फट फीलर गेजनं लावायची, कानस मारून तोंड साफ करायचं. रस्त्यात बंद पडली तर हे चुडाव्यातला कुणीही करील. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं तर मी काय करणार?

कागदपत्रांचं काम लोक शेवटाला ठेवतात. ते रंगाच्या आधी करावं, कारण कागद अडले तर रंगवलेली गाडी शेडमध्येच राहते. मालक वारलेला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, दुसऱ्या आरटीओतून आणायची तर ना-हरकतीसाठी फॉर्म २८, नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेजची वेगळी नोंदणीही आली: नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, जुना नंबर असेल तर तो कायम. माझी गाडी २०२४ मध्ये त्यात बसायला लागली. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला ही गाडी प्रदर्शनाला न्यायची नाही, नांदेडला न्यायची आहे, म्हणून मी साध्या नूतनीकरणाच्याच मागं आहे. पूर्वीची काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं जाऊन आता नवी हाय-सिक्युरिटी पाटी लागणार, ती या तोंडावर कशी दिसेल देव जाणे.

सध्या इंजिन चालतं. थंडीत चोक ओढावा लागतो, गरम झालं की आवाज शिवणयंत्रासारखा एका लयीत येतो. ब्रेक धरतात, पण किंचित डावीकडं ओढतात. ड्रम पुन्हा लेथला द्यावा लागेल. मागच्या काचेची बीडिंग अजून कुर्ल्याहून यायची आहे. दुकानदार म्हणतो, आठ दिवसांत. तो पहिल्यापासून आठच दिवस म्हणतोय.

आणि रंगाचं ठरलेलं नाही. दाराच्या आतल्या बाजूला, पॅनेलखाली मूळचा फिका निळा सापडला, तो मला हवाय. बायको म्हणते, "अवो, पांढरीच करा. निळ्यावर आपल्या काळ्या मातीची धूळ बसली की गाडी म्हशीवानी दिसल." मिस्त्रींचंही मत पांढऱ्याकडंच झुकतंय, कारण पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा त्यांच्याकडं कुणाच्या तरी ट्रॉलीचा उरलाय.